कुलपातलं खोबरेल

परवा सकाळी खरवडण्याच्या आवाजाने जाग आली. खाली पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीच्या काचेवरचा बर्फ प्लास्टिकच्या पट्टीने काढत होतं. खर्र, खर्र, मग थोडी विश्रांती, पुन्हा खर्र. करपलेलं पातेलं घासावं तसा आवाज. नेकार नदीच्या काठच्या आमच्या या छोट्या गावात हिवाळा आधी कानांना कळतो, मग डोळ्यांना. पडदा बाजूला केला तर समोरच्या टेकडीवरचे द्राक्षमळे पांढरे झालेले, नदीवर धुकं, आणि खाली ओळीने उभ्या असलेल्या गाड्यांवर गोठलेलं दंव. बाल्कनीतल्या थर्मामीटरवर उणे तीन. मी तो रोज बघतो. गरज असते म्हणून नाही. आकडा कळला की दिवस कुठून सुरू करायचा ते कळतं, अशी सवय लागली आहे.

त्या ओळीत एकच गाडी अशी आहे, जिच्या काचेआधी कुलूप बघावं लागतं. ती आमची.

जवळच नेकारसुल्मला गाड्यांचा मोठा कारखाना आहे. निम्म्या गावाची भाकरी तिथून येते. मीही त्या कारखान्याला सुटे भाग पुरवणाऱ्या एका लहान कंपनीत आहे. भागांची मापं ठरलेल्या मर्यादेत आहेत की नाहीत ते तपासणं हे माझं काम. केसाच्या जाडीएवढा फरक पडला तरी आम्ही माल परत पाठवतो. अशा गावात शेजाऱ्यांच्या गाड्या अर्थातच नव्या. किल्ली खिशात ठेवून जवळ गेलं की दार आपोआप ओळख देतं. आमच्या गाडीचं रिमोट मात्र केव्हाच बंद पडलं. दुरुस्त करून पाहिलं, पुन्हा बंद पडलं, तेव्हा मी साध्या किल्लीवर समाधान मानलं. किल्लीला भोक एकच, ड्रायव्हरच्या दारात. ते गोठलं की गाडी समोर असून नसल्यासारखी.

वैशाली, माझी बायको, दरवर्षी म्हणते, "अहो, या वर्षी तरी काढा ना ही गाडी." मी दरवर्षी म्हणतो, "ट्युफ होऊ दे, मग बघू." ट्युफ म्हणजे इथली गाड्यांची सक्तीची तपासणी. ती आली की मी गाडीवर खर्च करतो, आणि गाडी पास होते. असं बऱ्याच वेळा झालं आहे. माझ्यासारख्या हिशेबी माणसाला हा हिशेब शोभत नाही, हे मला कळतं. वैशालीलाही कळतं, म्हणून ती पुढे काही बोलत नाही.

या कुलपाची गोष्ट सुरू झाली ती आई गेली त्या वर्षी. ती पावसाळ्याच्या शेवटी गेली, नागपूरला. मी पोचलो तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. अंगणात ओल्या खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या, आणि बाबा आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसले होते. मला बघून म्हणाले, "आला का. जेवून घे." त्यानंतर मी तिथे होतो तितके दिवस ते फारसं काही बोलले नाहीत.

बाबा वीज मंडळात हिशेबनीस होते. बोलके नव्हते, पण मुकेही नव्हते. आई होती तोवर त्यांच्या बोलण्याला एक ठिकाण होतं. ते ठिकाणच गेलं. मी परत आलो, तर अमरावतीहून ताईचा फोन. "तू बाबांना तिकडे घेऊन जा रे. पहिला हिवाळा आहे. एकट्यानं काढणं बरं नाही. माझ्याशी हं-हूंच्या पुढे जात नाहीत. मी तर किती बडबड करते रे, तरी नाही."

तीन महिन्यांचा व्हिसा मिळाला. त्याहून जास्त दिवस आईवडिलांना इथे ठेवणं आमच्यासारख्यांना जमत नाही. डिसेंबरात मी त्यांना फ्रँकफर्टहून घेऊन आलो, तेव्हा मनाशी एकच ठरवलं होतं. या तीन महिन्यांत बाबांना बोलतं करायचं. त्यांनी आईबद्दल काहीतरी बोलावं. रडले तरी चालेल. मला स्वतःलाही ते हवं होतं. आईच्या शेवटच्या दिवसांबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. फोनवर ती "बरी आहे" म्हणायची आणि मी तो आकडा तपासून न बघता लिहून घ्यायचो.

घरात आम्ही सगळे उपाय करून पाहिले. वैशालीने पाटोडीचा रस्सा केला. नागपूरच्या माणसाला बोलतं करायला याहून मोठं हत्यार आमच्याकडे नाही. "कसा झालाय बाबा?" "चांगला आहे." "तिखट?" "बरोबर आहे." आमची लेक मैत्री तेव्हा दुसरीत होती. मराठी सगळी कळायची, उत्तर मात्र जर्मनमध्ये. ती आजोबांना चित्रं काढून दाखवायची, "शोन, ओडर?" म्हणून विचारायची, छान आहे ना? आजोबा मान हलवायचे. दोघांची गाडी तिथेच थांबायची. मी संध्याकाळी कामावरून आलो की त्यांच्यासमोर बसायचो. टीव्ही चालू असायचा. मी विचारायचो, "झोप लागली का?" ते म्हणायचे, "लागली." मग आम्ही दोघं बातम्यांतल्या माणसाकडे बघत बसायचो. त्याची भाषा बाबांना कळत नव्हती, आणि तेवढ्यापुरती मलाही कळत नव्हती.

दिवसभर ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी, हायझुंगजवळ बसायचे. हायझुंग म्हणजे भिंतीला लावलेला गरम पाण्याचा हीटर. सकाळी अंघोळीच्या आधी आपली खोबरेलाची निळी बाटली त्या हीटरवर ठेवायची, अंघोळ झाली की डोक्याला तेल लावायचं, चापून भांग पाडायचा, आणि खाली उभ्या असलेल्या गाड्यांकडे बघत बसायचं. कुठे जायचं नसतानाही भांग कधी चुकला नाही.

मग एके सकाळी कुलूप गोठलं.

आदल्या दिवशी पाऊस होऊन रात्रीतून पारा खाली गेला होता. पाणी भोकात शिरून आतच बर्फ झालं. किल्ली अर्धी गेली आणि अडकली. मी खाली उभा राहून किल्लीशी झटापट करत होतो, तेवढ्यात मागून चपलांचा आवाज आला. बघतो तर बाबा. माझं जुनं जाडजूड जाकीट, डोक्याला माकडटोपी, पायात मोजे आणि त्यावर चपला.

"हे काय करून राहिला तू?"

"कुलूप गोठलं बाबा."

"कुलूप गोठते?"

कित्येक आठवड्यांत त्यांनी स्वतःहून विचारलेला हा पहिला प्रश्न होता.

"जोर नको लावू. किल्ली तुटली का दोन्हीकडून गेलं. आण इकडे." त्यांनी किल्ली घेतली, मुठीत बंद केली, मूठ दुसऱ्या हाताने झाकली आणि उभे राहिले. मग किल्ली भोकात घालायची, थोडं थांबायचं, काढायची, पुन्हा मुठीत. मला कामावर उशीर होत होता. शेवटी आत कुठेतरी कुरकुरलं आणि दार उघडलं.

"उघडलं," बाबा म्हणाले. चेहऱ्यावर समाधान होतं.

त्या दुपारी त्यांनी कुलपाला तेल दिलं. खोबरेल. आमच्या नागपूरच्या घरात पावसाळ्याआधी प्रत्येक कुलपाला, कोयंड्याला, सायकलच्या साखळीला खोबरेलाचे दोन थेंब मिळायचे. बाबा एका रविवारी सगळी कुलपं वर्तमानपत्रावर मांडून बसायचे. आई म्हणायची, "माझ्या डोक्याले कधी विचारत नाहीत, अन् कुलपाईची चंपी करून राहिले." तीच बाटली घेऊन ते खाली गेले होते. संध्याकाळी मला म्हणाले, "गाडीले तेल दिलं. उद्या खटकन उघडते पाहा."

दुसऱ्या दिवशी किल्ली आत जाईना.

"थंडी लय आहे इथची," बाबा गंभीरपणे म्हणाले आणि किल्ली मुठीत घ्यायला हात पुढे केला.

आमच्या वरच्या मजल्यावर फ्राउ केलर राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या, ताठ कण्याच्या बाई. त्या दिवशी त्या कुत्र्याला फिरवून येत होत्या. मी त्यांना तेलाचं सांगितलं, तर दोन्ही हात वर केले. "काइन ओएल!" तेल अजिबात नाही. ग्राफाइटची पूड घाला, नाहीतर हे. असं म्हणून त्यांनी कोटाच्या खिशातून अंगठ्याएवढी बाटली काढून मला दिली. कुलपातला बर्फ वितळवायचा द्रव. "आणि ही गाडीत ठेवू नका हं. दर हिवाळ्यात कुणीतरी गाडीत ठेवतो, आणि मग बाहेर उभा राहून काचेतून तिच्याकडे बघत बसतो."

मला बाटलीचीही गरज नव्हती, कारण गणित सोपं होतं. पाण्याचा बर्फ शून्याला होतो. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांखालीच घट्ट होतं. इथे डिसेंबर ते फेब्रुवारी चोवीस अंश फक्त हीटरजवळ असतात. म्हणजे बाबांनी कुलपात मेण ओतल्यासारखंच झालं होतं. आजूबाजूच्या गाड्या अधिक पाचला सुरळीत उघडायच्या, आमचं कुलूप अधिक पाचलाही हटून बसायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेलो की सांगायचं, असं मी ठरवलं. "बाबा, ते तेल नका घालू, त्यानेच अडकतंय." एवढं एक वाक्य.

ते मी सांगितलं नाही. कारण मी तोंड उघडायच्या आधीच, मूठ मिटून उभे असताना, बाबा कुलपाकडे बघत म्हणाले, "तुझ्या आईचे हात लय गरम राहायचे."

मी हललो नाही. झाडावर पाखरू बसलं की आपण हलत नाही तसा.

"थंडीच्या दिवसात मी ऑफिसातून सायकलीवर आलो का दारातच माझे कान धरे. दोन्ही हातानं. म्हणे, आधी कान गरम करा, मग चहा. पोट्टे हसत." मग मुठीकडे बघत म्हणाले, "माझे हात नाही राहत गरम. वेळ लागते."

वेळ लागू दे, असं माझ्या मनात आलं. फ्राउ केलरने दिलेली बाटली माझ्या कोटाच्या खिशात होती. मी तिच्यावर बोट ठेवून उभा होतो. ती पुढे पूर्ण हिवाळा तिथेच राहिली.

मग ते रोजचंच झालं. मी नेहमीपेक्षा लवकर आवरू लागलो. बाबा माझ्या आधीच टोपी घालून दाराशी उभे असायचे. खाली गेलो की मी किल्ली लावून बघायचो, लागत नाही असं म्हणायचो, आणि ती त्यांच्या हातात द्यायचो. किल्ली तापवायला काडेपेटीही असायची त्यांच्याकडे, पण वाऱ्याने काडी विझायची. विझली की बाबा वाऱ्याला नागपुरी शिवी द्यायचे. शिव्या देताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. रविवारी दुपारी पुन्हा नेमाने तेल. "उद्या खटकन उघडते पाहा." सोमवारी पुन्हा तेच. "थंडी लय आहे."

त्या सकाळी किती होत्या, मी मोजल्या नाहीत. सगळं मोजणारा माणूस मी, पण त्या नाही मोजल्या. मोजल्या असत्या तर उरलेल्याही मोजाव्या लागल्या असत्या.

घरात चार भिंतींत जे जमलं नाही ते तिथे जमत होतं. का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. घरात आम्ही समोरासमोर बसायचो. दोन पुरुष, तेही बाप आणि मुलगा, समोरासमोर बसले की एकमेकांचा चेहरा मध्ये येतो. गाडीपाशी आम्ही दोघं कुलपाकडे बघत असायचो. हाताला काम होतं. बोललेलं वाक्य वाफ होऊन तोंडासमोर दिसायचं आणि निघून जायचं. त्याचं उत्तर द्यावं लागत नव्हतं.

तिथे मला आई मिळाली, तुकड्यातुकड्यांनी. तिने शेवटच्या उन्हाळ्यात पापड करायचे नाहीत असं ठरवलं, आणि बाबांना तेव्हाच कळलं की हिला बरं नाही. तिला जिना चढवेना, तर बाबांनी पलंग खाली आणला, आणि ती म्हणाली, "आता काय मले हॉलमध्ये मांडता का शोभेले?" माझा फोन येणार असला की ती आधी पाणी पिऊन आवाज नीट करून बसायची. हे ऐकलं त्या दिवशी मी गाडीत बसलो आणि आधीच साफ असलेली काच बराच वेळ पुसत राहिलो.

वैशाली विचारायची, "आज तर बर्फही नव्हता. एवढा वेळ काय करत होतात?"

"कुलूप," मी म्हणायचो.

फ्राउ केलर एकदा कुत्र्याला घेऊन जवळ आल्या. माझ्या कोटाच्या खिशाकडे त्यांनी बघितलं, बाबांच्या मुठीकडे बघितलं. "अजून उघडत नाही?" मी खांदे उडवले. "आख झो," अस्सं होय, असं म्हणून त्या निघून गेल्या. त्यानंतर आम्ही दिसलो की त्या लांबून हात करायच्या आणि कुत्र्याला दुसऱ्या बाजूने न्यायच्या.

फेब्रुवारीत खरी थंडी आली. उणे बारा. नदीच्या काठाला बर्फ धरला, नाकातल्या केसांना धरला. त्या दिवशी मूठ चालेना, काडी चालेना, दाराचं रबरही चौकटीला चिकटून बसलं. मला वाटलं आता खिशातली बाटली काढावी लागणार. बाबा म्हणाले, "थांब," आणि वर गेले. आले ते रबरी पिशवी घेऊन. शेकायची पिशवी. आईची. तिचे गुडघे दुखायचे, त्यासाठीची. बाबा ती नागपूरहून बॅगेत घालून घेऊन आले होते, हे मला माहीत नव्हतं. तिच्यात गरम पाणी भरलेलं होतं. त्यांनी ती पिशवी कुलपावर ठेवली आणि दोन्ही तळव्यांनी दाबून धरली.

"असंच धरून बसायचो तिच्या गुडघ्यावर," ते म्हणाले. "ती म्हणे, जोरात नका दाबू. हळू धरा."

पिशवीवरून वाफ निघत होती. मला काय करावं ते कळेना, म्हणून मीही एक हात पिशवीवर ठेवला.

"दवाखान्यात त्या दिवशी सकाळी म्हणाली, चहा प्यावासा वाटते. डॉक्टरनं नाही म्हटलं होतं. मी म्हटलं, अर्धा कप आणतो, कोणाले सांगू नको. ती हसली. मी खाली टपरीवर गेलो. गर्दी होती. त्याले म्हटलं साखर कमी टाक. त्यानं जास्त टाकली. मी म्हटलं, दुसरा दे. म्हणून वेळ झाला." हात तसेच पिशवीवर. "वर आलो तर गेलती. चहा हातात होता. गरम होता."

पिशवी कोमट झाली. मी म्हटलं, "साखर कमीच घ्यायची ती." बाबा म्हणाले, "हो ना." मग माकडटोपी खाली ओढली आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. आई गेल्यापासून ते पहिल्यांदा रडत होते. जर्मनीतल्या एका पार्किंगमध्ये, सकाळच्या काळोखात, गाड्यांच्या काचा खरवडणाऱ्या माणसांच्या मधे.

त्या दिवशी दार उघडलं ते आम्ही दोघांनी ओढून. मी कामावर गेलो. बाबा वर गेले, आणि वैशालीने नंतर सांगितलं की त्यांनी स्वतःहून पाटोडी मागितली.

मार्चच्या आधी ते परत गेले. विमानतळावर माझ्या हातात खोबरेलाची उरलेली बाटली दिली. "कुलपाले घालत जा. विसरजो नको." मी हो म्हटलं. पुढच्या डिसेंबरचं तिकीट मी उन्हाळ्यातच काढून ठेवलं. बाबा दिवाळीच्या आधीच गेले, झोपेत. ताईने सांगितलं की पलंगाखाली जर्मनीची बॅग अर्धी भरलेली होती. कपडे नव्हतेच फारसे. माकडटोपी, शेकायची पिशवी, आणि खोबरेलाची नवी बाटली, सांडू नये म्हणून झाकणाला चिकटपट्टी गुंडाळलेली. ते ऐकून मला भरून आलं. बिचारे, मी मनात म्हटलं, अजून त्यांना वाटत होतं की तेलाने कुलूप उघडतं. बरं झालं आपण कधी सांगितलं नाही. एवढं एक आपल्याकडून नीट झालं.

या समजुतीवर मी इतकी वर्षं राहिलो.

परवा खरवडण्याच्या आवाजाने उठलो तेव्हा बाथरूममध्ये गेलो. मधली बरीच वर्षं आमच्या घरात खोबरेल नव्हतं. माझ्या डोक्यावर तेल लावण्याजोगं काही उरलेलं नाही. पण मैत्रीची कातडी थंडीत फुटते, म्हणून वैशालीने यंदा ते आणलं. तशीच निळी बाटली. मी हातावर उलटी केली. काही पडलं नाही. आत पांढरं, घट्ट, मेणबत्तीसारखं. मी विचार न करता ती हायझुंगवर ठेवली, दात घासायला लागलो, आणि ब्रश तोंडात तसाच राहिला.

बाबा रोज हेच करायचे. रोज. माझ्या डोळ्यांसमोर.

ज्या माणसाने उभा जन्म नागपूरच्या थंडीत खोबरेलाची बाटली उन्हात ठेवून काढला, ज्याने इथेही एक सकाळ चुकवली नाही, त्याला तेल थंडीत घट्ट होतं हे माहीत नव्हतं? घरातल्या उबेत ज्याचा दगड होतो, ते बाहेर उणे तीनमध्ये कुलपात काय करेल, हे त्याला कळलं नसेल? तोही हिशेबनीस. दोन्ही आकडे माझ्यासमोर एकाच घरात, एकाच हिवाळ्यात मांडलेले होते. बेरीज मी केली नाही.

पहिल्या दिवशी त्यांनी तेल घातलं ते सवयीने असेल. पण दुसऱ्या रविवारी? तिसऱ्या? "उद्या खटकन उघडते पाहा" म्हणताना त्यांच्या डोळ्यांत काय होतं, ते आता आठवून बघतो, तर फक्त माकडटोपी आठवते.

मी खिशात बाटली दाबून उभा होतो, कुलूप उघडू नये म्हणून. ते कुलपात तेल ओतत होते, कुलूप उघडू नये म्हणून. दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला कळलेलं नाही.

मी स्वयंपाकघरात जाऊन वैशालीला हे सांगितलं. ती चहा गाळत होती. गाळणं हातात धरून माझ्याकडे बघतच राहिली.

"म्हणजे? तुम्हाला माहीत नव्हतं?"

"तुला माहीत होतं?"

"अहो, मला वाटलं तुम्हा दोघांचं ठरलेलं आहे."

मला हसू आलं. मग ते हसू जिथे जाऊन पोचायला हवं होतं, तिथे कुणी नव्हतं. जगात या गमतीचा भागीदार एकच होता. फोन उचलून त्यांना म्हणता आलं असतं, "बाबा, लबाड होतात तुम्ही." ते म्हणाले असते, "थंडी लय होती." आई गेली तेव्हा बाबांच्या बोलण्याचं ठिकाण गेलं, असं मी वर लिहिलं आहे. ते म्हणजे काय, हे मला परवा चहाच्या कपासमोर कळलं.

रविवारी दुपारी मी ती बाटली घेऊन खाली गेलो. तेल पातळ झालं होतं. किल्लीवरून थेंब आत सोडत होतो, तेवढ्यात मैत्री आली. आता ती उंचीने माझ्या कानाला लागते. शाळेचं शेवटचं वर्ष. पुढच्या शरदात ब्राउनश्वाइगला शिकायला जायचं म्हणते. रोज सकाळी मी तिला स्टेशनवर सोडतो. ती कानात तारा घालून बसते. मी विचारतो, "झोप लागली का?" ती म्हणते, "जा." म्हणजे हो.

"पापा, दास वीर्ट दोख फेस्ट," ती म्हणाली. घट्ट होईल ना ते.

"माहीत आहे," मी म्हटलं.

ती कुलपाकडे बघत उभी राहिली. मग थंडी वाजते म्हणून वर गेली.

सोमवारी किल्ली आत गेली नाही. मी ती मुठीत धरून उभा राहिलो. माझे हात बाबांसारखेच, वेळ लागतो. मैत्रीने एकदा घड्याळाकडे बघितलं. मी म्हटलं, "गाडी चुकेल तुझी." ती म्हणाली, पुढची आहे. कानातल्या तारा काढल्या, "गिब हेर", दे इकडे, म्हणत माझ्या हातातून किल्ली घेतली आणि मूठ मिटली. आम्ही दोघं कुलपाकडे बघत उभे राहिलो. शेजारी कुणीतरी काच खरवडत होतं.

"आजोबा," ती मराठीत म्हणाली, शब्द शोधत, "आजोबा इथे काय सांगायचे, रोज? मी वरून बघायची. खिडकीतून."

तिने किल्ली परत दिली. घेताना तिचा तळहात माझ्या बोटांना लागला. तापलेल्या भाकरीसारखा गरम.

किल्ली लावायची मला घाई नव्हती.

"तुझ्या आजीचे हात," मी म्हटलं, "फार गरम असायचे."